‘वाव’ काढला, आता तिथं काय घालू?

बाई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत तुम्ही गॅदरिंगसाठी नाटुकलं बसवताय. धावण्याच्या स्पर्धेत पहिली आलेली मुलगी घरी येते, हा शेवटचा प्रवेश. तुम्ही लिहिलेल्या संवादात घरातली सगळी माणसं ‘अहाहा! किती आनंद झाला!’ म्हणतात. तालमीत मुलं ते गाळून ‘वाव’ आणि ‘येस्स’ घालतात. ‘अहाहा’ त्यांच्या तोंडात बसत नाही, ‘वाव’ तुमच्या कानाला बरा वाटत नाही. मग आनंदाचे, उत्साहाचे शब्द आणायचे कुठून, असं तुम्ही विचारलंय.

बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, वीसेक नाटुकली बसवली, आणि गावोगावच्या यात्रांतल्या कुस्त्यांना माइकवर बोललो. या तिसऱ्या उद्योगात उद्गारांबद्दल जेवढं कळलं तेवढं पहिल्या दोन्हींत कळलं नव्हतं. तुमच्यासारखीच चूक मीही केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका नाटकात शेतकऱ्याच्या तोंडी मी ‘अहाहा! आला हा पाऊस!’ असं वाक्य दिलं होतं. काम करणारा पोरगा खरोखर शेतकऱ्याचा. त्यानं ते असं म्हटलं की जणू दात उपटून घ्यायला बसलाय. पुढच्या रांगेत बसलेला त्याचा बाप सगळ्यांत मोठ्यानं हसला. नाटक संपल्यावर मी त्याला विचारलं, “मामा, तुमच्याकडं पाऊस आल्यावर काय म्हणता?” तो म्हणाला, “काय म्हणायचं? आला की म्हणतो.”

‘आला की.’ माझं शिक्षण तिथं सुरू झालं.

पुस्तकात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं, आणि आपण शाळेत शिकवतो ती केवलप्रयोगी अव्ययांची यादी त्याच परंपरेतली. हर्षदर्शक : अहा, अहाहा, वा, वावा, ओहो. प्रशंसादर्शक : शाब्बास, भले, वाहवा, खाशी. वाक्यातल्या कुठल्याच शब्दाशी ज्याचा संबंध नाही ते केवलप्रयोगी, अशी व्याख्या. व्याकरण म्हणून त्यात खोट काढता येणार नाही. पण पोरं ती यादी पाठ करतात आणि आनंदाच्या प्रसंगी त्यातला एक शब्द उचलून चिकटवतात. मोळीतली कुठलीही काटकी चुलीत चालते, तसं. उद्गाराला ते चालत नाही. त्याचा वाक्याशी संबंध नसला तरी समोरच्या माणसाशी असतो. म्हणून मी मुलांना ‘आनंद झाल्यावर काय म्हणशील’ असं विचारायचं सोडून दिलं. ‘हे तू कुणाला म्हणतोस’ एवढंच विचारायला लागलो. निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

तुमचा ‘अहाहा’ घ्या. तो कुणालाच उद्देशून नसतो, म्हणून घरात चारजण असताना तो ओशाळल्यासारखा वाटतो. पण तो मेलेला शब्द नाही हां. आषाढात दिवसभर चिखलात रोप लावून आलेला माणूस न्हाणीत कढत पाण्याचा पहिला तांब्या पाठीवर ओततो तेव्हा काय म्हणतो ऐका : आहाहाहाऽ! कडक चहाचा पहिला घोट, ताज्या कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या त्या दुधाच्या मिठाईचा, पहिला चमचा, दुखऱ्या पायाला कुणी तेल चोळलं तर, सगळीकडं तोच. ‘अहाहा’ हा अंगाच्या सुखाचा उद्गार आहे. बातमी ऐकून कुणी अहाहा करत नाही. तुम्ही लिहिलेल्या प्रवेशात कुणी चहा पीत असेल तर त्याला तो द्या, शोभेल.

‘ओहो’ दारात अचानक उगवलेल्या पाहुण्याचा : “ओहोऽ, या या!” ‘वा’ कुणाच्या तरी करण्याला असतो. गाण्याला, अक्षराला, भाकरीला. ‘वा’ लहान मोठ्याला म्हणू शकतो. ‘शाब्बास’ मात्र वरून खालीच येतो. विद्यार्थ्यानं “शाब्बास सर” म्हटलं तर ती थट्टा झाली. ‘भले’चं तसंच. तुम्ही धाकट्या भावाच्या तोंडी बहिणीसाठी शाब्बास घातलाय, तो तेवढा काढा. आजोबा असते तर चाललं असतं.

शाब्बास मुळात फारसी, ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदात राहा’. नीट बघा, बोलणाऱ्याचा आनंद त्यात कुठंच नाही, समोरच्याला दिलेला आशीर्वाद आहे. बेळगावच्या बाजारात कन्नड माणूसही शाब्बास म्हणतो, शिवाय ‘भले भले’ आणि ‘भेष्’ म्हणतो. आपल्याकडची जुनी माणसं ‘बेस झालं’ म्हणतात ना, तोच हा भेष्. पुष्कळांना वाटतं तो इंग्रजी बेस्टचा अपभ्रंश. नाही, तोही फारसीच, ‘बेश’.

आता मैदान. बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात निकाली कुस्तीला एकदा तरी मुलांना घेऊन जा. भाषेचा तास म्हणून न्या. हलगी सुरू असते, जोड खडाखडीत आहे, म्हणजे दोघं एकमेकांचा अंदाज घेतायत, लोक गप्प. एकानं पट काढला, म्हणजे दुसऱ्याचा पाय ओढला, की सगळं मैदान उठतं : “गेला गेला गेला गेला!” पैलवान अजून कुठंही गेलेला नाही, त्याच्या पाठीला माती लागायला दोन सेकंद आहेत. तरी भूतकाळ. हे आपल्या बोलण्याचं वळण आहे. उत्साहाच्या भरात आपण घडणाऱ्या गोष्टीला घडलेली करून टाकतो. एसटी वळणावर दिसली की “आली आली!”, दूध वर यायला लागलं की “गेलं गेलं!”, आईनं हाक मारल्यावर अंथरुणातनंच “आलो आलो!” इथं वेगळा उद्गारवाचक शब्द लागतच नाही. क्रियापद भूतकाळात घ्या आणि दोनदा-तीनदा म्हणा, उत्साह आपोआप येतो. माझ्या मते बालनाट्य लिहिणाऱ्याला एवढी एक युक्ती आली तरी पुष्कळ झालं.

पैलवान चितपट झाल्यावर मग नावं सुरू होतात. “शाब्बास रे पठ्ठ्या!”, “भले बहाद्दर!”, “वाघ हाय वाघ!” म्हणजे पुन्हा कुणाला तरी उद्देशूनच. या वाघाचा कन्नड भाऊ तुमच्या पोरांना पक्का माहीत असणार. २०१९ च्या पोटनिवडणुकीत कागवाडकडच्या एका प्रचारसभेत गर्दीतल्या एका माणसानं पुढाऱ्याच्या बोलण्यावर ‘हौदो हुलिया!’ अशी आरोळी ठोकली आणि ती मोबाइलवरून अख्ख्या कर्नाटकात गेली. ‘हौदो’ म्हणजे होय रे, ‘हुली’ म्हणजे वाघ. होय रे वाघा! आमच्या शेजारचा मराठी पोरगा गोट्या खेळताना नेम लागला की ‘हौदो हुलिया’ ओरडायचा, त्यात कन्नड-मराठी असं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. तुमच्या भावाच्या पात्राला हा उद्गार दिला तर टाळी नक्की. मी देणार नाही, कारण तो पाच वर्षांत जुना होतो आणि नाटुकलं पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा बसवतं. पण हे माझं म्हाताऱ्याचं मत, तुम्ही ठरवा.

मैदानावर ऐकू येणारे ‘नाद खुळा’, ‘काटा किर्रर्र’, ‘लई भारी’ हे कोल्हापूरकडून निपाणीमार्गे आपल्याकडं आलेले. त्यातला ‘भारी’ सगळ्यांत टिकाऊ, कारण तो दोन्ही भाषांत चालतो. इकडं “भारी हाय”, तिकडं “भारी ऐती”. ‘मस्त’चंही तेच. सीमेवरच्या माणसाला उद्गार निवडताना एक सोय असते : समोरच्याची भाषा कळली नसेल तर ‘भारी’ म्हणून मोकळं व्हायचं.

यात्रेतल्या घोषांबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण आपल्या भागात खरा सामूहिक आनंद तिथंच ऐकू येतो आणि पुस्तकात त्याला जागा नसते.

निपाणीजवळच्या आप्पाचीवाडी-कुर्लीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते. ‘हालु’ म्हणजे कन्नडमध्ये दूध, म्हणजे देवाच्या नावापासूनच दोन भाषा एकत्र आल्या. भंडारा उधळला जातो, माणसं पिवळीजर्द होतात, आणि आवाज उठतो : “हालसिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!” चांग आणि भलं, दोन्हींचा अर्थ एकच. सगळ्यांचं बरं होवो. कन्नड भक्त तेच ‘चांगभलो’ म्हणतात. खंडोबाचा ‘येळकोट’ उलट्या वाटेनं आलाय. तो कन्नड ‘एळु कोटि’, म्हणजे सात कोटी. कर्नाटकातल्या खंडोबाच्या, म्हणजे मैलारच्या यात्रेत कन्नड लोक ‘एळुकोटि’चा गजर करतात तेव्हा मराठी माणसाला अर्थ सांगावा लागत नाही, आणि जेजुरीला ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणणाऱ्याला आपण कन्नड बोलतोय हे कुणी सांगितलेलं नसतं. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचा ‘उदो उदो’ दोन्ही भाषांतून एकाच सुरात येतो. आपल्या भागातल्या लक्ष्मीयात्रांत देवीला नाचवत, भंडारा उधळत नेतात त्याला ‘होन्नाट’ म्हणतात. होन्नु म्हणजे सोनं, आट म्हणजे खेळ. सोन्याचा खेळ! एवढा सुंदर आनंदवाचक शब्द गावात असताना आपण मुलांना निबंधात ‘आनंदीआनंद पसरला’ लिहायला लावतो.

एक पथ्य मात्र पाळा. देवाचे हे घोष घरगुती विनोदासाठी वापरू नका. “चांगभलं” गावात कुणाची फजिती झाली तरी म्हणतात, ‘आता झालं याचं चांगभलं’ असं, पण शाळेच्या रंगमंचावर ते कुणाला तरी लागतं. मला एकदा लागलेलं आहे, म्हणजे लागलं दुसऱ्याला आणि ऐकून घेतलं मी.

आता घर. तुम्हाला गरज घराचीच आहे. घरातला आनंद मैदानासारखा ओरडत नाही, आणि इथंच बहुतेक नाटकं फसतात. लेखक प्रत्येक पात्राला एकेक उद्गार वाटतो, लग्नातल्या अक्षतांसारखा.

आपल्याकडची आजी आनंदाची बातमी ऐकली की आधी घाबरते. दृष्ट लागेल म्हणून. ती ‘किती आनंद झाला’ म्हणणारच नाही. ‘पांडुरंगा’ म्हणेल, डोळ्याला पदर लावेल, नातीच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडेल. कडकड आवाज आला पाहिजे, तालीम करून घ्या. ‘गुणाची गं माझी’, ‘इडापिडा टळो’, ‘कुणाची नजर नको लागायला’ हे सगळे तिचे हर्षदर्शक. व्याकरणात ते भलत्याच खान्यात पडतील, पडू देत.

आईचे आणि शेजारणींचे उद्गार बघा : अगं बाई, अगाई, बया बया, अय्या, अव्वा. या प्रत्येकात कुणी ना कुणी थोरलं माणूस आहे. बाई, आई, बया म्हणजे आईच. कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई, आणि अय्या म्हणजे बाप किंवा धनी. पुरुषांचं ‘बापरे’ त्याच जातीचं. भलं मोठं काही समोर आलं, सुखाचं असो की भीतीचं, माणूस आईबापाला हाक मारतो. म्हणून ‘आई गं’ पाय मुरगळल्यावरही येतं आणि लेकीचा एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा निकाल ऐकल्यावरही. ऐकणाऱ्याला फरक कळतो तो सुरावरून. दुखण्याचं ‘आई गं’ ‘आ’वर जोर देतं, सुखाचं ‘गं’वर लांबतं. छापील कागदावर ते दाखवता येत नाही. मोडीत तर उद्गारचिन्हही नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नाही. फार तर ‘आई गंऽऽ’ असा अवग्रह घाला, आणि तीन तीन उद्गारचिन्हं टाकायची सवय सोडा. तुम्ही पाठवलेल्या एका पानावर मी एकोणीस मोजली. लेकरं ती बघून सगळं एकाच पट्टीत किंचाळतात.

बापाचं सगळ्यांत अवघड. आपल्याकडच्या कष्टकरी बापाचा सगळ्यांत मोठा उद्गार ‘बरं झालं’ हा आहे. खरंच. ‘कसं पिकलंय?’ ‘बरं हाय की.’ म्हणजे दहा पोती जास्त झालेली असतात. आनंद झाला की तो लगेच दुसऱ्या कामाचं बोलतो. बैलाला पाणी दावलंस का, दिवा लावा, असलं काहीतरी. ते लिहायला शिका. माझ्या निकालाच्या दिवशी माझे वडील ‘हं’ म्हणाले, उठले, आणि अर्ध्या तासानं पाव किलो कुंदा घेऊन आले. त्या ‘हं’ला कुठलं अव्यय म्हणणार?

आणि आता तो ‘की’. पुण्याकडच्या माणसाला वाटतं बेळगावचा माणूस उगाच प्रत्येक वाक्याला ‘की’ लावतो. ‘होय की’, ‘चला की’, ‘बसा की वो’. उगाच नसतो तो. ‘आलास’ म्हणजे नुसती नोंद. ‘आलास की!’ म्हणजे मी वाट बघत होतो, येशील की नाही धाकधूक होती, आलास, बरं वाटलं. एवढं सगळं एका अक्षरात. ‘जमलं की!’, ‘पास झालो की वो सर!’, ‘पयला नंबर की गं!’ यांतला ‘की’ काढून बघा, वाक्य पोस्टाच्या तारेसारखं कोरडं होतं. मागचा ‘वो’, ‘गं’, ‘रे’ हा कुणाला म्हणतोय ते सांगतो. ‘वो’ मोठ्यांना, ‘गं’ बाईमाणसाला, ‘रे’ बरोबरीच्याला. नाटकात ही अक्षरं शुद्धलेखनाच्या नावाखाली कापू नका. मी पहिली दहा वर्षं कापली. चांगली नाटकं वाया घालवली.

उपरोधाचं एका वाक्यात सांगतो, कारण मुलांना ते आपोआप येतं : ‘वा’ आखूड आणि खाली पाडला की टोमणा, लांबवला की कौतुक. ‘वा रे वा’ बहुधा टोमणाच. कपबशी फोडणाऱ्यालाही आई ‘शाब्बास’च म्हणते.

‘आयला’ आणि ‘आयशप्पथ’ यांचं विचारलंत. पोरं म्हणतात, मीही म्हणायचो. ‘आयला’ ही शेपूट तुटलेली शिवी आहे एवढं ध्यानात ठेवा. शेपूट तुटलं तरी आजीला कुठलं जनावर होतं ते कळतं. आयशप्पथ चालेल.

राहिला ‘वाव’. त्याला एवढं घाबरू नका. आपल्या जुन्या शब्दकोशातही वाव आहे. दोन्ही हात पूर्ण पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढं अंतर, ते एक वाव. विहिरीची खोली, दोराची लांबी वावांत मोजायचे. तुमचा तो छोटा मुलगा हात पसरून ‘वाव’ ओरडत असेल तर माप बरोबर घेतोय! मी वर्गात हे सांगतो, पोरं हसतात आणि मग आपण होऊन शब्द बदलतात. बंदी घालून एकही शब्द गेलेला मी पाहिला नाही. त्या एका मुलाला एकदा म्हणू द्या. चारचौघांनी तोच म्हणायचा नाही, एवढी अट ठेवा.

तालमीसाठी एक सांगतो. संहिता बाजूला ठेवून मुलांना घरी पाठवा आणि दोन दिवस कान लावून ऐकायला सांगा. म्हैस व्याली तेव्हा काका काय म्हणाला, गावाहून मामा आल्यावर आई काय म्हणाली, क्रिकेटमध्ये शेवटच्या चेंडूवर चौकार गेला तेव्हा पारावर काय आवाज झाला. वहीत जसंच्या तसं उतरवायचं, शुद्ध करायचं नाही. मी हे केलं तेव्हा एका मुलीनं लिहून आणलं होतं : ‘मामा आला तेव्हा आई काही बोलली नाही, तिनं चुलीत लाकूड घातलं.’ तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

तुमचा शेवटचा प्रवेश मी माझ्या परीनं लिहून बघितला. नावं घातलेली नाहीत, तुमची तुम्ही घाला. शेजारीण कन्नड बोलणारी केलीय (‘शाब्बास बघ गं! भारी पळालीस!’ असं ती म्हणते), खानापुरात ते कुणाला खटकणार नाही.

(धाकटा भाऊ उंबऱ्यावर. लांब रस्त्याकडं बघतोय.)

भाऊ : आली आली आली! आये, अक्का आली! हातात कप हाय!

आई : (पिठाचे हात तसेच, बाहेर येते) अगं बाई… खरंच की गं!

भाऊ : (दोन्ही हात पसरून) वाऽऽव! एवढा मोठा?

शेजारीण : (कुंपणापलीकडून) शाब्बास नोडव्वा! भारी ओडिदि!

(मुलगी आत येते. कप आजीच्या मांडीवर ठेवते.)

आजी : पांडुरंगा… (बोटं मोडते) झाकून ठेव गं ते. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर नको.

मुलगी : बाबा, पयला नंबर आला.

(बाबा कपाकडं बघत नाहीत. तिच्या पायांकडं बघतात.)

बाबा : बरं झालं.

(थांबतात.)

बाबा : अनवाणीच पळालीस की गं?

मुलगी : चप्पल तुटली होती वो.

बाबा : हं. (टोपी घालतात.) पिशवी दे गं. बाजारला जाऊन येतो.

भाऊ : बाबा, मी पण! आलो आलो!

पडदा ‘आलो आलो’वर पाडा. पोरगं धावत जायला हवं, आणि पडदा ओढणाऱ्याला ते आधी सांगून ठेवा, नाहीतर तो टाळ्यांची वाट बघत बसतो.